डोंगरातला देवमासा

जपानी माणसाने हजारेक वर्षे मांसाला हात लावला नाही, अशी एक समजूत आपल्याकडे बरीच पसरलेली आहे. पर्यटकांसाठीच्या पुस्तिका वाचल्या तर ती आणखी पक्की होते. भात, मासळी, समुद्री शेवाळ, सोयाबीनचे पदार्थ, ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या भाज्या, लोणची आणि शेवटी हिरवा चहा. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने 'वाशोकू', म्हणजे जपानची पारंपरिक आहारसंस्कृती, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हाही जगासमोर गेले ते हेच चित्र. ते खोटे नाही. पण टोकियो, कोयासान, ओसाका आणि कोबे असा प्रवास करताना मला जाणवले, की या सुंदर ताटाला एक मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा भाग बंदीचा आहे. काय खायचे नाही हे कुणी ठरवले, ते कुणी पाळले, कुणी पळवाट काढली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे कळल्याशिवाय ते ताट पूर्ण समजत नाही.

मुस्लिम प्रवाशाला जपानमध्ये प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी लागते. डुकराचे मांस टाळणे त्या मानाने सोपे. अडचण असते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. भाजी शिजवताना 'मिरिन' घालतात. हे तांदळापासून केलेले गोड मद्य, त्यात सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. माशाचा वास जावा म्हणून 'साके' वापरतात. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा निघतो. सोया सॉसमध्येही आंबवण्याच्या क्रियेत थोडे अल्कोहोल तयार होते आणि त्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. 'अमाझाके' नावाचे गोड पेय दोन तऱ्हांचे असते. तांदळावर 'कोजी' ही बुरशी वाढवून केलेल्या अमाझाकेत नशा नसते, पण साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून केलेल्यात अल्कोहोलचा अंश असतो. विचारल्याशिवाय फरक कळत नाही. त्यामुळे माझी तहान भागली ती भाजलेल्या जवाच्या, म्हणजे सातूच्या, गार 'मुगिचा'वर आणि खरपूस भाजलेल्या पानांच्या 'होजिचा'वर.

या चौकशीचा एक फायदा झाला. 'हे यात का घालता?' असे विचारले की समोरचा माणूस नुसते उत्तर देत नाही, तो गोष्ट सांगतो. माझ्या मनाई-परवानगीच्या यादीतून जपानच्या मनाई-परवानगीचा इतिहास हळूहळू उलगडत गेला.

स्वखुशीने सोडणे

कोयासान हे डोंगरमाथ्यावरचे मठांचे गाव. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध आचार्याने ते वसवले. ओसाकाहून रेल्वेने आणि शेवटी तारेवर ओढल्या जाणाऱ्या डब्यातून तिथे पोहोचता येते. पन्नासच्या आसपास मठांत प्रवाशाला मुक्काम मिळतो आणि रात्री 'शोजिन र्‍योरी' वाढतात. हे भिक्षूंचे जेवण. मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. रस्सा माशाऐवजी 'कोंबू' शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचा. तीळ वाटून, कुझूच्या कंदाचे सत्त्व घालून केलेले मऊ 'गोमा-दोफू' आणि थंडीत गोठवून वाळवलेले 'कोया-दोफू' ही इथली खासियत. मिरिन आणि साके नको, असे आधी कळवले होते, ते त्यांनी लक्षात ठेवले.

या परंपरेत स्वयंपाक हे हलके काम मानलेले नाही. झेन आचार्य दोगेन याने १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तांदूळ निवडणे, भाजी धुणे हीसुद्धा साधनाच, असे त्याचे सांगणे. चहाही असाच मठातून आला. एइसाई हा भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला तो चहाचे बियाणे घेऊन, असे मानतात. पुढे त्याने चहाचे गुण सांगणारे पुस्तक लिहिले. त्यात चहा औषध आहे. आज ज्याला आपण जपानची ओळख समजतो, तो चहा परदेशातून औषध म्हणून आलेला पाहुणा होता.

मठातल्या भिक्षूने मांस सोडले ते स्वतःहून, स्वतःपुरते. रोजा ठेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण हीच गोष्ट राजा हुकूम म्हणून काढतो, तेव्हा तिचे स्वरूप बदलते.

तेन्मूचा हुकूम

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने असा हुकूम काढला. 'निहोन शोकी' या जुन्या राजबखरीत त्याची नोंद आहे. गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी या पाचांचे मांस खाण्यास बंदी. हुकूम काळजीपूर्वक वाचला तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, ही बंदी वर्षभराची नव्हती. चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतच ती होती, म्हणजे भातशेतीच्या हंगामात. दुसरी, लोक सगळ्यात जास्त ज्यांची शिकार करत, ते हरीण आणि रानडुक्कर या यादीत नाहीतच.

बौद्ध धर्मातली अहिंसा हे एक कारण होतेच. पण हारादा नोबुओ या इतिहासकाराने १९९३ च्या आपल्या पुस्तकात तांदूळ आणि मांस यांचा इतिहास एकत्र मांडला आहे. नवे राज्य तांदळावर उभे राहात होते. सारा तांदळात, प्रतिष्ठा तांदळात. बैल नांगराला हवा, घोडा स्वारीला हवा आणि मांस खाल्ले तर पीक बिघडते अशी श्रद्धा. पुढच्या शतकांत अशा बंद्या पुन्हा पुन्हा जाहीर झाल्या. एखादी बंदी वारंवार जाहीर करावी लागते याचा अर्थ उघड आहे, लोक ती पाळत नव्हते.

पाळायची नसेल तर पळवाट लागते. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, मांस खाण्याला 'कुसुरिगुई' म्हणत, औषध खाणे. रानडुकराच्या मांसाचे दुकानातले नाव 'यामाकुजिरा', म्हणजे डोंगरातला देवमासा. देवमासा त्या काळी माशांत मोजला जाई आणि मासे चालत. मग रानडुक्कर डोंगरातला देवमासा झाले की प्रश्न मिटला! रानडुकराला 'बोतान' म्हणजे एक फूल, हरणाला 'मोमिजी' म्हणजे लाल पानांचे झाड, अशीही नावे होती. सशाची मोजणी जपानी भाषेत आजही पक्ष्यांच्या मोजशब्दाने होते. ससा हा पक्षीच आहे, असे ठरवून तो खाण्याची सोय केली, अशी त्यामागची लोकप्रिय कथा आहे.

चित्रकार हिरोशिगे याने १८५८ मध्ये एदो शहरातल्या एका बर्फाळ रस्त्याचे चित्र काढले. त्यात डाव्या बाजूला मोठी पाटी दिसते, 'यामाकुजिरा'. म्हणजे बंदी होती, दुकान होते, पाटीही होती. टोकियोच्या र्‍योगोकू भागात १७१८ मध्ये सुरू झालेले असे एक रानमांसाचे घर आजच्या काळापर्यंत चालत आले आहे. मी ते बाहेरूनच पाहिले. आत जे शिजत होते ते मला हरामच होते. पण तीनशे वर्षे जुने ढोंग इतक्या मोकळेपणाने रस्त्यावर उभे आहे, याची मला गंमत वाटली.

वरच्या वर्गाला तर पळवाटेचीही गरज नव्हती. हिकोनेचे सरंजामदार शोगुनला भेट पाठवत, ती मिसोत मुरवलेल्या गोमांसाची. सामान्य माणसाने शोधायचे ते औषध आणि दरबारात पोहोचायचा तो नजराणा!

गोव्याहून आलेला पाव

जपानी भाषेत ब्रेडला 'पान' म्हणतात आणि मराठीत आपण पाव म्हणतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, पोर्तुगीज. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर पोहोचले. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. पिठात बुडवून तेलात तळण्याची पद्धत, जिला आज 'तेम्पुरा' म्हणतात, ती याच लोकांनी आणली. 'कासुतेरा' हा केक आणि 'कोनपेइतो' ही काटेरी खडीसाखर त्यांचीच. लुईस फ्रॉइश या पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागाला काचेच्या बरणीतून कोनपेइतो भेट दिल्याची नोंद आहे. जपानी पाककलेचा मानबिंदू समजले जाणारे तेम्पुरा अशा रीतीने आपल्या किनाऱ्यावरून पुढे गेलेल्या जहाजांतून तिथे पोहोचले.

पण साखर आणि तळण स्वीकारले गेले, तसे गोमांस गेले नाही. १५८७ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्याच सुमारास त्याने त्यांना जे प्रश्न विचारले त्यातला एक असा होता, की माणसाच्या कामाचे घोडे आणि बैल तुम्ही का खाता? पाद्र्यांचे म्हणणे असे, की घोडे आम्ही खात नाही, गोमांस खातो, पण नको असेल तर तेही सोडू. त्याने काही फरक पडला नाही. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि गोमांस हे परक्या धर्माचे लक्षण ठरले. इथे मला थांबावेसे वाटले. प्रश्न बैलाच्या उपयोगाचा असतो तोवर त्याला उत्तर असते. तो निष्ठेचा झाला की कोणतेही उत्तर पुरेसे ठरत नाही.

ताटाखालची माणसे

आता खरा प्रश्न. बैल खायचा नाही, मारायचा नाही. पण बैल मरतोच. मेलेल्या बैलाचे काय करायचे?

हे काम ठरावीक लोकांवर जन्माने टाकलेले होते. ते स्वतःला 'कावाता' म्हणवत, राज्यकर्ते त्यांना 'एता' म्हणत. हा शब्द ज्या अक्षरांत लिहीत त्यांचा अर्थ 'विटाळाने भरलेला'. मेलेली गुरे ओढून नेणे, कातडे सोलणे, कमावणे हे त्यांचे काम. तोकुगावा राजवटीत त्यांची वस्ती वेगळी, पेहरावावर बंधने, लग्नसंबंध बंद. आणि त्यांनी कमावलेले कातडे कुठे जाई? सामुराईच्या चिलखतात, घोड्याच्या खोगिरात आणि देवळातल्या ढोलात. ओसाकातली वातानाबे ही अशीच मोठी चर्मकारांची वस्ती. आज तिथे आशिहाराबाशी स्टेशनजवळ 'मानवी हक्क ताइको मार्ग' आहे, म्हणजे ढोलाचा रस्ता. ढोलाचा आवाज पवित्र आणि ढोल करणारा अपवित्र, हे गणित मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

मग काळ पालटला. ऑक्टोबर १८७१ मध्ये सरकारने या लोकांना दिलेली हीन नावे रद्द करून त्यांना सामान्य प्रजेत घेतले. १८७२ च्या सुरुवातीला सम्राट मेइजीने गोमांस खाल्ले आणि ही बातमी मुद्दाम प्रसिद्ध केली गेली. फुकुझावा युकिचीसारख्या विचारवंताने त्याआधीच मांसाहाराच्या बाजूने लिहिले होते. पाश्चात्त्यांसारखे बलवान व्हायचे तर गोमांस खा, असा नवा धडा सुरू झाला. 'ग्युनाबे', म्हणजे गोमांसाची हंडी, खाणारा तो सुधारलेला. सगळ्यांना हे रुचले नाही. त्याच वर्षी पांढऱ्या वेशातले दहा तपस्वी राजवाड्यात घुसले. परक्यांच्या मांसाहारामुळे देशाची भूमी विटाळली, अशी त्यांची तक्रार होती. पहारेकऱ्यांशी झालेल्या झटापटीत काही जण मारले गेले.

गोमांस प्रतिष्ठित झाले, मग ते कापणारे हात प्रतिष्ठित झाले का? उत्तर १८७३ मध्येच मिळाले. आजच्या ओकायामा प्रांतातल्या मिमासाका भागात शेतकऱ्यांचा उठाव झाला. सक्तीची सैन्यभरती आणि नवे कर यांच्याविरुद्ध तो होता, पण त्यात या नव्याने 'समान' झालेल्या लोकांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, शेकडो घरे जळाली. आजही ज्यांना 'बुराकुमिन', म्हणजे वस्तीवाले, म्हणतात ते हेच. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापन केली. १९७५ मध्ये उघडकीस आले, की या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरीला घेताना उमेदवार 'कुठला' हे तपासण्यासाठी! भेदभाव संपवण्याच्या दृष्टीने कायदा झाला तो डिसेंबर २०१६ मध्ये.

ओसाकाच्या दक्षिणेकडच्या कावाची भागात या वस्त्यांचा एक पदार्थ आहे, 'आबुराकासू'. गाईबैलांची आतडी त्यांच्याच चरबीत कुरकुरीत होईपर्यंत तळायची. चरबी विकायला गेली, उरले ते घरी. हे तुकडे घातलेले 'कासू उदोन' आता शहरातल्या दुकानांत हौसेने खाल्ले जाते. आतड्यांच्या पदार्थांना तिकडे 'होरुमोन' म्हणतात. हा शब्द 'फेकून द्यायच्या वस्तू' या अर्थाच्या बोलीतल्या शब्दांवरून आला, असे एक स्पष्टीकरण सांगतात, तर हार्मोनवरून आला, असे दुसरे. आपल्याकडच्या वजडी-बोटीची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. हलाल नसल्यामुळे मी ते खाल्ले नाही. पण उएहारा योशिहिरो या लेखकाने २००५ मध्ये जगभरच्या बहिष्कृतांच्या जेवणावर पुस्तक लिहिले, ते याच आबुराकासूच्या आठवणीपासून सुरू होते. त्यानंतर दहा वर्षांनी मराठीत शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवरच्या, चान्यांसारख्या पदार्थांची त्यातली नोंद वाचलेल्या माणसाला कावाचीतली कढई परकी वाटत नाही.

टोकियोत शिनागावा स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर शहराचा मोठा मांसबाजार आणि कत्तलखाना आहे. तिथे लोकांसाठी एक माहिती दालन ठेवले आहे. त्यात तिथल्या कामगारांना आलेली शिवीगाळीची पत्रे मांडलेली आहेत. रात्री चमचमत्या हॉटेलात त्याच बाजारातले मांस खाणाऱ्या शहरातून ही पत्रे आली असतील, हा विचार मला बराच वेळ सोडत नव्हता.

आपल्या दस्तरखानावर

डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा संबंध गोमांसाशी जोडला होता. ज्यांच्या वाट्याला मेलेले जनावर राहिले ते बहिष्कृत ठरले, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांनीच १९२७ मध्ये महाडला मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. ते सोडणे स्वाभिमानासाठी होते आणि निर्णय सोडणाऱ्यांचा होता. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. ही दुसऱ्या जातीची गोष्ट. भाकड बैलाचे काय करायचे हा प्रश्न शेतकऱ्यावर पडला, धंदा गेला तो कुरेशी समाजाचा आणि चामड्याचे काम करणाऱ्यांचा. त्याहून वाईट म्हणजे संशय उरला. डबा उघडला तर त्यात काय आहे, हे विचारण्याचा अधिकार कुणालाही मिळाल्यासारखा झाला. हिदेयोशीचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर जपानने मला अर्धेच शिकवले असे होईल. कारण जपानमध्ये बंदी उठली आणि विटाळ राहिला. आपल्यातही पाहा. मांस आपल्याला वर्ज्य नाही. कुर्बानीच्या ईदला खाटकाशिवाय आपले पान हलत नाही. तरी लग्नाची बोलणी निघाली, की 'ते लोक कुरेशी आहेत', 'त्यांच्यात आपण देत नाही' असे दबक्या आवाजात बोलले जातेच. अशराफ आणि अजलाफ हे शब्द कुराणाने दिलेले नाहीत, ते आपण वाढवले. महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने हा प्रश्न कितीतरी वर्षांपूर्वी मांडला. त्याचे उत्तर देणे आपण टाळत आलो. बाहेरच्या बंदीविरुद्ध बोलताना आतल्या विटाळाबद्दल गप्प राहणे शोभत नाही.

मी डुक्कर खात नाही, दारू पीत नाही. हा माझा आणि अल्लाहचा मामला. त्यासाठी मला कोणाला कमी लेखावे लागत नाही. कोयासानच्या भिक्षूचेही तसेच. काही न खाणे हा माणसाचा हक्क आहे आणि कधी कधी तो मोठेपणाही असतो. दुसऱ्याला खाऊ न देणे ही सत्ता आहे. आणि खाऊन झाल्यावर ते शिजवणाऱ्या-कापणाऱ्याला दूर बसवणे हा निव्वळ जुलूम आहे. जपानच्या बाराशे वर्षांच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी एकाच ताटात मिसळल्या होत्या. आपल्याकडेही मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

जपानी माणूस घास घेण्याआधी 'इतादाकिमासू' म्हणतो. 'मी नम्रपणे स्वीकारतो' असा त्याचा अर्थ. ज्या जिवाने जीव दिला आणि ज्या हातांनी अन्न रांधले, त्यांचे हे आभार, असे तिकडे मुलांना समजावून सांगतात. कोबेमध्ये १९३५ ची मशीद आहे, भारतीय व्यापाऱ्यांच्या आणि तातार मुसलमानांच्या देणग्यांतून उभी राहिलेली. तिच्या आसपास हलाल मांसाची दुकाने आणि खानावळी आहेत. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक जपानी कुटुंब जेवत होते. त्यांनी हात जोडून 'इतादाकिमासू' म्हटले, मी बिस्मिल्लाह म्हटले आणि आम्ही जेवायला लागलो. मांस एकाच खाटकाकडून आलेले होते. त्याचे नाव ना त्यांना माहीत होते, ना मला.